साडेतीन वर्षांच्या लेकीचं नाव बदलावं का? ओडिशा ते मिनेसोटा

शेवंती

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही दोघं मिनेसोटात असतो, मूळचे सातारा आणि डोंबिवली. दोघांकडेही आता अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड. 'कारा'मार्फत, म्हणजे भारत सरकारच्या दत्तक यंत्रणेमार्फत, मूल दत्तक घेतोय. इथल्या एजन्सीच्या गृहभेटी झाल्या, अहवाल गेला, मग नुसती वाट बघणं झालं, आणि शेवटी ओडिशातल्या एका संस्थेतल्या साडेतीन वर्षांच्या मुलीची माहिती आली. आम्ही हो म्हटलं. 'कारा'चं ना हरकत प्रमाणपत्रही मिळालंय. आता जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जाणार, त्यात मुलीचं पुढचं नाव लिहायचंय. एजन्सीच्या बाईंना ते शुक्रवारपर्यंत हवंय.

संस्थेच्या कागदांवर तिचं नाव सुभद्रा. आडनाव वगैरे काही नाही, नुसतं सुभद्रा. तिथल्या मावश्या तिला कुनी म्हणतात. मागच्या व्हिडिओ कॉलला मी 'सुभद्रा, सुभद्रा' करत होते तर बाईसाहेब फोनच्या कव्हरवरचं स्टिकर नखाने खरवडत बसल्या. मागून कोणीतरी 'ए कुनी' म्हटलं मात्र, झटकन मान वर!

आता घोळ असा की आमचं नाव आधीपासून ठरलेलं आहे. ईरा. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ठरवलं होतं. मधली कहाणी सांगत बसत नाही, समजून घ्या. नाव घरात सगळ्यांना पाठ आहे. नणंदेने आत्याचा मान म्हणून चांदीच्या वाटीवर 'ईरा' कोरूनही घेतलंय. सासूबाई म्हणतात सुभद्रा हे काय लहान मुलीचं नाव झालं, आमच्या मावशीचं होतं. नवरा म्हणतो शाळेत तिचं 'सुबॅड्रा' होणार.

कोणाला अनुभव असेल तर सांगा. सल्ले चालतील, प्रवचन नको. :)

गोट्या

ईरा मस्त नाव आहे. सुटसुटीत, तिकडच्यांनाही जमेल. आणि वाटीवर खर्च झालाय म्हणजे निर्णय झालाच की. हलकेच घ्या.

सडेतोड

स्पष्ट बोलतो. मूल म्हणजे घर नव्हे, ताबा मिळाला की पाटी बदलायला. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात कलम ८ आहे. मुलाची ओळख जपायची, आणि त्या ओळखीत नाव येतं हे तिथे शब्दात लिहिलंय. भारताने करार मान्य केलाय. तुम्ही राहता त्या देशाने सही करूनही तो अजून मंजूर केलेला नाही, पण म्हणून तुम्ही मोकळ्या होत नाही. कोणाला काय उच्चारता येतं यावर पोरीचं नाव ठरवणार असाल तर कठीण आहे.

गोट्या

सडेतोडराव, 'प्रवचन नको' ही ओळ वाचायची राहिली वाटतं.

नाशिकची माई

शेवंती, मूल दत्तक घेण्याचा अनुभव मला नाही. नाव बदलून घेण्याचा आहे, तो सांगते.

१९७४ साली माझं लग्न झालं. ताटात तांदूळ पसरले होते, ह्यांनी अंगठीने त्यात काहीतरी लिहिलं. गुरुजींनी मोठ्याने 'स्मिता' असं वाचलं, तेव्हा मला कळलं की आजपासून मी स्मिता. सकाळपर्यंत शकुंतला होते. घरात शकू.

वाईट वाटलं का, तर नाही. वाईट वाटून घ्यायची पद्धतच नव्हती, सगळ्या जणींची बदलायची. पण पहिले दोनतीन महिने काय व्हायचं, सासूबाई माजघरातून 'स्मिता, अगं स्मिता' अशा हाका मारायच्या आणि मी आपली निवांत तांदूळ निवडत बसलेली. आपल्याला बोलावताहेत हे डोक्यातच शिरायचं नाही. त्यांना वाटायचं सून माजोरी आहे. शेवटी धाकट्या दिराने युक्ती काढली, तो येऊन पाटावर टिचकी मारायचा आणि म्हणायचा, "वहिनी, तुम्हालाच!" ऐकू कमी येतं की काय म्हणून मला कानाच्या डॉक्टरकडे न्यायचंही घाटत होतं.

मग कागदांची गंमत. शाळेच्या दाखल्यावर शकुंतला, रेशनकार्डावर स्मिता. वडील गेल्यावर वाटणीच्या कागदावर तलाठ्याने 'शकुंतला उर्फ स्मिता' असं लिहिलं. उर्फ म्हटलं की मला अजून दरोडेखोर आठवतो.

मी बावीस वर्षांची घोडी होते. कुठून आले, कुठे चालले सगळं समजत होतं, माहेर चार तासांवर होतं. तुझी लेक एका विमानात बसणार आणि उतरल्यावर भात, भाषा, अंथरूण, माणसं, थंडी सगळंच निराळं. निदान हाक तरी ओळखीची असू दे. बाकी घरच्यांचं काय, आम्ही सासवा बोलतो आणि विसरतो.

बोरूबहाद्दर

माईंना दंडवत.

दत्तकाचं नाव बदलणं ही आपल्याकडची जुनीच रीत. कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. कागलच्या घाटग्यांचा यशवंत १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर आला आणि शाहू झाला. पण ती नावं गादीची होती, मुलाची हौस किंवा पालकांची हौस असा तिथे प्रश्नच नव्हता.

मला वेगळंच उदाहरण आठवतंय. झाशीचे गंगाधरराव आणि लक्ष्मीबाई यांचा मुलगा दामोदर काही महिन्यांचा होऊन गेला. पुढे नोव्हेंबर १८५३ मध्ये, गंगाधररावांचा अंतकाळ जवळ आला तेव्हा, नात्यातला आनंदराव दत्तक घेतला. नाव ठेवलं दामोदरराव. गेलेल्या मुलाचंच. इंग्रजांनी दत्तक मानलं नाही, संस्थान खालसा केलं, तो इतिहास सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र त्या पोराचं नेहमी वाटतं. आनंदराव म्हणून झोपला आणि उठला तो दुसऱ्याच्या नावाने. ते नाव ज्याच्यासाठी होतं तो हा नव्हे हे वाड्यात प्रत्येकाला ठाऊक.

शेवंतीताई, गैरसमज नसावा. तुमची मधली कहाणी मला माहीत नाही आणि विचारतही नाही. फक्त 'ईरा' आधीपासून ठरलेलं होतं हे वाक्य वाचलं आणि हे आठवलं.

शेवंती

बोरूबहाद्दर, काल तुमचा प्रतिसाद वाचला आणि लॅपटॉप मिटून ठेवला. नवऱ्यालाही वाचायला दिला. तो काही बोलला नाही, गॅरेजमध्ये जाऊन बर्फ काढायचं मशीन साफ करत बसला. ऑक्टोबरमध्ये. राग नाही, पण यावर लगेच लिहायला जमणार नाही.

माई, तुमच्या दिरांना माझा नमस्कार.

पंचांगवाले

जन्मनक्षत्र पाहिलंत का? चरणाक्षरावरून नाव ठेवलं तर सगळेच वाद मिटतात.

संस्थेतली ताई

पंचांगवाले, सापडलेल्या मुलाची जन्मतारीखच मुळात डॉक्टर तपासून अंदाजाने ठरवतात. दात, उंची, हाडं बघून. वेळ कुठून आणणार?

शेवंती, मी पुण्यात एका संस्थेत समाजसेविका होते, आता निवृत्त. नाव ठेवणं हे आमचं रोजचं काम होतं आणि लोकांना वाटतं तसं ते काही गंभीर नसायचं. रात्री अकराला पोलीस बाळ घेऊन येणार, त्याला ताप, ससूनला न्यायचं. केसपेपरवर नाव लागतं. मग ड्यूटीवर जी असेल ती ठेवायची. गुरुवारी आला, दत्ता. गणपतीत आली, गौरी. एका गणपतीत दोन आल्या तर दुसरीची गौरांगी केली. आमच्या एक नर्सबाई होत्या, त्या हिंदी सिनेमाच्या भोक्त्या. त्यांच्या पाळीत आलेल्या मुलांची नावं वाचून त्या वर्षी कोणते पिक्चर चालले ते सांगता आलं असतं.

म्हणून संस्थेतलं नाव पवित्र असतं असं मी म्हणणार नाही. तान्ह्या बाळाचं खुशाल बदला. पण तुमची मुलगी साडेतीन वर्षांची आहे, बोलती आहे. आधी एक काम करा. तुमच्याकडे बाल अभ्यास अहवाल आला असेल, तो नीट वाचा. नाव संस्थेने ठेवलं की मुलीबरोबर आलं? मोठी मुलं कधीकधी स्वतःचं नाव सांगतात. ते फाइलमध्ये एका ओळीत असतं आणि पालक वैद्यकीय पानांच्या नादात ती ओळ वाचत नाहीत.

अजून एक. सत्तर-ऐंशीच्या दशकांत इथून बरीच मुलं स्वीडन, नेदरलँड्स, बेल्जियमला गेली. त्यांतली काही आता पन्नाशीला टेकलेली परत येतात, कागद बघायचे असतात. जन्मदात्या आईची ओळख गुप्त ठेवायची असते, त्यामुळे आम्हाला फार काही सांगता येत नाही. मग ती रजिस्टरमधल्या आपल्या पहिल्या नावावर बोट ठेवतात आणि विचारतात, हे कोणी ठेवलं? तेवढं मात्र मला सांगता यायचं. अमुक नर्सबाई, हडपसरला राहतात. एक उंचापुरा माणूस त्या बाईंना जाऊन भेटूनही आला होता. बाईंना तो आठवत नव्हता, पण त्यांनी त्याला पोहे खाऊ घातले.

अबोल

एरवी मी इथे लिहीत नाही. मी स्वतः दत्तक आहे. चार वर्षांचा असताना मुंबईहून सांगलीला आलो.

माझं संस्थेतलं नाव राजू. तिथे तीन राजू होते. मोठा राजू, काळा राजू आणि मी बारका राजू. आईबाबांनी नवं नाव ठेवलं आणि मला ते फार आवडलं, कारण ते माझ्या एकट्याचं होतं. नवं दप्तर, नवी वॉटरबॅग, नवं नाव. सडेतोड म्हणतात तशी माझी ओळख वगैरे कोणी पुसली नाही. राजू नाव ठेवणाऱ्याला मी कोण हेही माहीत नसणार.

खुपतं ते वेगळंच. आमच्या आजोबांचा हुकूम होता की जुनं नाव घरात कोणी काढायचं नाही. एकदा मी गोट्या खेळताना 'राजूचा नंबर!' असं ओरडलो. पडवीतली सगळी मोठी माणसं गप्प झाली. मला वाटलं आपण शिवी दिली. त्यानंतर कित्येक वर्षं दुसऱ्या कोणाला राजू म्हणून हाक मारली तरी माझे कान गरम व्हायचे.

तेव्हा बदलायचं तर बदला. लपवू मात्र नका.

सडेतोड

अबोल, तुमच्या अनुभवापुढे माझं कलम ८ फिकं आहे, मान्य. तरी तुमचं उदाहरण देशातल्या देशातलं. सांगलीत तुम्हाला तुमच्यासारखी दिसणारी, तुमचीच भाषा बोलणारी माणसं होती. परदेशी गेलेल्या मुलाकडे पहिल्या देशातलं उरतं काय, तर रंग आणि नाव.

रौरकेलाकर

वडील रौरकेला स्टील प्लांटमध्ये होते, माझं सगळं बालपण तिकडे गेलं. म्हणून थोडं ओडिशापुराण.

तिकडे जवळपास प्रत्येकाला कागदावरचं एक आणि घरातलं एक, अशी दोन नावं. घरातल्याला डाक-नाव म्हणतात. कुनी, टिकी, लिपू, बापी अशी. कुनी म्हणजे बारकी, चिमुकली. प्रत्येक गल्लीत एक सापडेल. बारसं एकविसाव्या दिवशी, त्याला एकोइशिया म्हणतात.

आणि सासूबाईंना सांगा की सुभद्रा तिकडे म्हातारीचं नाव नाही. पुरीला जगन्नाथ आणि बलभद्र यांच्या मधोमध बसते ती सुभद्रा. रथयात्रेत तिचा स्वतंत्र रथ असतो, दर्पदलन. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने बायकांना पैसे देण्याची योजना काढली, तिचंही नाव सुभद्राच. रथयात्रेच्या सुमारास संस्थेत आली असेल तर हे नाव तिथूनच आलं असणार. उच्चार ते 'सुभॉद्रा'सारखा करतात. तुम्ही मराठी उच्चार केलात म्हणूनही तिला ओळखू आलं नसेल.

जाण्याआधी चार शब्द पाठ करा. पाणि म्हणजे पाणीच. 'खाइबु?' म्हणजे खाणार का. भुकेलेल्या पोराला नावापेक्षा हा शब्द जास्त लागतो.

पंचांगवाले

ताई, जन्मवेळ नसेल त्यांच्यासाठी शास्त्रात नामराशी आहे. प्रचलित नावावरून धरतात. 'सु' म्हणजे शततारका, चौथं चरण, रास कुंभ. उत्तम आहे. राहू द्या सुभद्रा.

गोट्या

घ्या, पंचांगवाले आणि सडेतोड एकाच बाजूला! धागा सार्थकी लागला.

सेंटपॉलकर

शेवंती, आपण शेजारीच की. मी इथे प्राथमिक शाळेत मदतनीस शिक्षिका आहे.

'सुबॅड्रा'ची भीती सोडा. आमच्या वर्गात सोमाली आणि ह्मोंग मुलं भरपूर. मुलं एकमेकांची नावं दोन दिवसांत शिकतात, शिक्षकांना थोडा वेळ लागतो, एवढंच. पहिल्या दिवशी शिक्षिकेला नाव म्हणून दाखवायचं, चुकली तर हसून पुन्हा म्हणून दाखवायचं. आपणच 'नाही जमत तर सुबी म्हणा' असं सुचवतो आणि मग जन्मभर सुबी चिकटते. आपल्या लोकांची ही खोडच आहे, समोरच्याला त्रास नको म्हणून स्वतःचंच नाव छाटायचं.

पण 'कुनी' शाळेत नको. घरात म्हणा, फोनवर म्हणा. इथे काळ्या लोकांना उद्देशून एक घाण शिवी आहे, उच्चार तिच्या फार जवळ जातो. लहान वर्गात काही होणार नाही, मिडल स्कूलमध्ये होईल. सावळ्या मुलीला तर नक्की.

मिनेसोटात कोरियातून दत्तक आलेले लोक खूप आहेत. कोरियातून १९५० च्या दशकापासून अंदाजे दोन लाख मुलं बाहेर गेली. आमच्या शाळेतली एक सहकारी त्यांतलीच. शेतकरी कुटुंबात वाढली, नाव अस्सल स्कँडिनेव्हियन. मोठेपणी तिने कागदांवरचं कोरियन नाव मधलं नाव म्हणून लावून घेतलं. आता तिला तेही आपलंच आहे की नाही याची खात्री नाही. २०२५ मध्ये तिकडच्या सत्यशोधन आयोगाने अहवाल दिला, त्यात काही मुलांना दुसऱ्याच मुलांच्या कागदांवर पाठवल्याचं निघालं. तरी ती नाव काढणार नाही म्हणते. "माझं नसेल तर ज्या मुलीचं होतं तिचं, ती तरी कोणाच्या लक्षात राहील."

कागदोपत्री

सगळे भावनेत आहेत म्हणून कोरडं लिहितो.

पहिलं, नुसतं 'सुभद्रा' कागदावर राहू देऊ नका. भारतीय पासपोर्टवर दोनच रकाने असतात, आडनाव आणि दिलेलं नाव. आडनाव रिकामं राहिलं तर अमेरिकन व्हिसावर तुमचं नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापतात. म्हणजे पहिलं नाव अज्ञात. अशी 'एफएनयू' मंडळी पुढे ड्रायव्हिंग लायसन्सपर्यंत कपाळाला हात लावत असतात.

दुसरं, पूर्वी दत्तकाचा आदेश कोर्ट द्यायचं, १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. त्या आदेशावर जे नाव आणि जे स्पेलिंग असेल तेच जन्मदाखल्यावर, तेच पासपोर्टवर, आणि दिल्लीच्या दूतावासात व्हिसालाही तेच. आंतरदेशीय दत्तकाच्या हेग करारातल्या दत्तकव्हिसावर अमेरिकेत उतरलात की नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आपोआप घरी येतं, त्याच नावाने. नंतर बदलायचं तर तिथल्या राज्याच्या कोर्टात जा, मग प्रमाणपत्र बदलून घ्यायचा एन-५६५ फॉर्म, त्याची फी. होतं, पण डोक्याला ताप आहे. म्हणजे शुक्रवारपर्यंत जे ठरेल ते पक्कं धरून चाला.

तिसरं, पहिलं नाव कुठलं आणि मधलं कुठलं हे आदेशात सुटं लिहून मिळतं का ते एजन्सीला विचारा. दिलेल्या नावाच्या रकान्यात सगळं सलग येतं.

नाशिकची माई

मधे आता आईचं नावही लावायचं ना सरकारी नियमाने? आमच्या पणतीच्या दाखल्यावर लावलंय.

कागदोपत्री

माई, तो महाराष्ट्राचा निर्णय. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी, आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. ही मुलगी त्याआधीची आणि ओडिशाची. तिला लागू नाही.

शेवंती

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदोनदा वाचले. संस्थेतली ताई, तुमचे पाय धरायला हवेत.

अहवाल परत काढला. आम्ही त्यातलं हिमोग्लोबिन, वजन, लसी तोंडपाठ केल्या होत्या. चौथ्या पानावर एक ओळ आहे. मुलगी एका रेल्वे स्टेशनवर सापडली, तेव्हा साधारण दोन वर्षांची. वर्तमानपत्रात फोटो दिला, ठरलेल्या मुदतीत कोणी आलं नाही. आणि पुढे: 'नाव विचारले असता मुलीने कुनी असे सांगितले. संस्थेने सुभद्रा असे नाव दिले.'

म्हणजे आम्ही जे खरं नाव आणि टोपणनाव समजत होतो ते उलटं निघालं. सुभद्रा संस्थेचं. कुनी ती घेऊन आली. त्या स्टेशनच्या आधी कोणीतरी तिला कुनी म्हणत होतं, आणि दोन वर्षांच्या जिवाला आपल्याबद्दल तेवढंच सांगता आलं.

आणि नेमकं तेच नाव शाळेत चालणार नाही. आता काय करू?

संस्थेतली ताई

मग ते कागदावर आलंच पाहिजे. मावश्या कुनी म्हणतात ते लाडाने नव्हे, तिनेच सांगितलं म्हणून. या एका ओळीसाठी माणसं स्वीडनहून येतात.

अबोल

हे वाचून माझं मत बदललं. मला राजू दुसऱ्याने ठेवलं होतं. हिचं वेगळं आहे. ठेवा.

रौरकेलाकर

कागदावर चढवा, पण तिकडे 'कुनी' हजारो आहेत. त्यावरून गाव शोधता येईल अशी आशा लावू नका, तिलाही पुढे लावू देऊ नका. एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

सेंटपॉलकर

मधलं नाव करा. शाळेत मधलं नाव कोणी हाक मारायला वापरत नाही, हजेरीत फार तर एक अक्षर दिसतं. पंधरा वर्षांची झाली की तिची ती ठरवेल कुठलं पुढे आणायचं.

बोरूबहाद्दर

मधलं नाव म्हणजे आपल्याकडे बापाची जागा. घरात चालेल का?

शेवंती

हाच तर तमाशा झाला काल! नवऱ्याला सांगितलं, तो लगेच तयार. म्हणाला, "माझं आडनाव आहेच की, तिला जागा नको का?" सासूबाईंचा फोन मात्र पाऊण तास चालला. नाव जुनाट आहे इथपर्यंत त्यांनी मान तुकवली होती. पण मधे बापाचं नाव नाही म्हटल्यावर, "म्हणजे लोकांनी काय समजायचं?" काय समजायचं ते त्यांनाही सांगता येईना. शेवटी सासरे मागून म्हणाले, अहो, तिकडे अमेरिकेत सगळ्यांचं मधलं नाव काहीही असतं, तो बुश नव्हता का डब्ल्यू. त्यावर त्या जरा थंड झाल्या. नणंद रुसलीय. ते माझं मी बघते, तिला कानात 'कुर्रर्र' करायचा मान आहेच. नाव जुनं असलं म्हणून काय झालं.

ईराबद्दल एकच लिहिते. ते नाव आम्ही कोणालाच ठेवणार नाही. आम्हा दोघांचं ठरलं.

तर सुभद्रा कुनी, पुढे आमचं आडनाव. घरात कुनी, शाळेत सुभद्रा, सुबी अजिबात नाही. कागदोपत्री, आता तुम्हीच सांगा. कुनीच्या शेवटी इंग्रजीत 'आय' लावू की दोन 'ई'? सेंटपॉलकरांनी सांगितलेल्या शिवीपासून जितकं लांब जाता येईल तितकं बरं. आणि सुभद्रात 'बी'नंतर 'एच' ठेवायचा ना?

रौरकेलाकर

'के-यू-एन-आय'. तिकडे सगळे असंच लिहितात. दोन 'ई' लावलेत तर ओडिया माणसालाच ओळखू येणार नाही.

सेंटपॉलकर

'यू' आणि एक 'एन' असेल तर वाचताना इथली माणसं 'क्यूनी' म्हणतील बहुतेक. शिवीचं स्पेलिंग वेगळं आहे. चालेल.

कागदोपत्री

'आय' लावा आणि 'एच' ठेवा. पण खरा धोका स्पेलिंग ठरवण्यात नाही, ते उतरवून घेण्यात आहे. संस्थेच्या कागदांवर आत्ता काय आहे ते बघा, 'एच' आहे की नाही. नसेल तर आदेशात जुनं आणि नवं दोन्ही स्पेलिंग यायला हवीत, म्हणजे पुढे पासपोर्टवाला ही दोन वेगळी मुलं आहेत का असं विचारणार नाही. आणि आदेशाचा कच्चा मसुदा एजन्सीमार्फत आधी मागवून घ्या. सही-शिक्का झाल्यावर एक अक्षर बदलायला परत पहिल्यापासून सुरुवात. आमच्या भाचीच्या वेळी आडनावातला एक 'ए' राहिला होता, त्यासाठी मेव्हणा दोन महिने तिथेच लॉजवर राहिला.